सावली आपल्याकडे

तात्यापारा, रायपूर
३ नोव्हेंबर २०२४

श्यामराव काका,

पाया पडते असं लिहिणार होती, पण तुम्ही पाय मागं घ्याल. म्हणून नमस्कारावरच थांबते.

फोन तुम्ही घेत नाही. अकरा महिन्यांत मी किती वेळा लावला ते सांगत नाही, तुम्हाले माहीत आहे आणि क्षमाताईलेही. शेवटी तिच्याचकडून बडनेऱ्याचा पत्ता घेतला. तुमची लेक चांगली आहे काका, तुमच्यासारखी अडून बसत नाही. मी जशी बोलते तशीच लिहून राहिली, लाल पेन घेऊन बसू नका.

गोष्ट आनंदाची आहे. नव्या रायपुरात कलाभवन झालं. तुम्ही गेले तेव्हा त्याचे नुसते खांब उभे होते. त्यांच्या मोठ्या दालनासाठी त्यांनी माझा एक फोटो कायमचा घेतला. कोणता ते ओळखलंच असेल. ‘उरला सात’, उरल्याच्या कारखान्यांकडे काढलेला सातवा. नऊ फूट बाय सहा फूट, ड्रोननं सरळ खाली पाहून काढलेला, ज्याच्यावरून आपलं वाजलं तोच. तिथले प्रमुख यशदीप, पुण्याकडचे आहेत, ते स्वतः घरी येऊन पाहून गेले. फोटो तुमच्या खालच्या बैठकीत दिवाणासमोर भिंतीले टेकवून ठेवला आहे. तुम्हाले विचारल्याशिवाय ठेवला, पण माझ्या वरच्या खोलीच्या दारातून तो आत जाईचना.

म्हणून हे पत्र आभाराचं आहे. सात वर्षांपूर्वी मी खोली मागाले आली तेव्हा माझ्या पाठीवर ड्रोनची पेटी होती आणि तुम्ही विचारलं होतं, हे खेळणं कोणाचं. मी तेव्हा लग्नं करत होती. वरात वरून, जयमाला वरून, नवरदेवाचा फेटा वरून. एका दुपारी मी लॅपटॉपवर कोण्या लग्नाचं काम करून राहिली होती आणि तुम्ही मागून म्हणाले, थांबव. मांडवाच्या बाजूचं शेत दाखवून म्हणाले, इथून जुना नाला जात होता, बुजवला. हे झाड विहिरीच्या काठचं आहे, विहीर नाही राहिली. मी म्हटलं, तुम्हाले कसं कळलं? तुम्ही म्हणाले, वाचलं.

एकतीस वर्षं खनिज विभागात तुम्ही विमानातून काढलेले फोटो वाचले. त्याच दिवशी लोखंडी कपाटातून, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं ते दोन भिंगांचं स्टिरिओस्कोप काढलं. खाली शेजारीशेजारी दोन सारखेच फोटो ठेवले आणि मले म्हणाले, भिंगातून पाय. मी पाहिलं आणि कागदातून डोंगर वर आला. मी खुर्चीवरून उठलीच होती, तुम्ही खांदा दाबून बसवलं. त्या दिवसापासून मी फोटो काढाले लागली. त्याच्या आधी नुसती उडवत होती.

हे सगळं तुमचं आहे, एवढंच सांगायचं होतं. माझ्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशीचं जाऊ द्या. माणूस गर्दीत काहीबाही बोलून जातो. लोक त्या फोटोले टेकडी म्हणतात. म्हणोत बापडे.

घर झाडून ठेवते. तुमच्या तुळशीले नवीन कुंडी आणली.

यामिनी


तात्यापारा
२४ नोव्हेंबर

काका,

क्षमाताईले फोन केला होता. म्हणाली, पत्र मीच वाचून दाखवलं, बाबांले चष्मा सापडत नव्हता. काका, तुमचा चष्मा तुमच्या कपाळावर असते. माझं अक्षर पाहायचं नसेल तर तसं सरळ सांगा.

आणि ऐकून झाल्यावर तुम्ही म्हणाले म्हणे, “उद्घाटनाचं काहून जाऊ देते? तेच तर लिहाले पाहिजे होतं तिनं.” बरं. लिहिते.

गेल्या वर्षीचा डिसेंबर. हॉल भरलेला, पाहुणे आलेले, पेपरवाले दोघं. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. ‘उरला सात’समोर दहा पावलं मागं सरकून उभे राहिले, आणि तुम्हाले हळू बोलता येत नाही, तर सगळ्या हॉलले ऐकू जाईल असं म्हणाले, “पोट्टे, उलटी टांगली.”

मी म्हटलं, काका, उत्तर दिशा वर आहे.

तुम्ही म्हणाले, “उत्तर गेली खड्ड्यात. सावली पाय.”

कोणीतरी हसलं. तुमच्यावर हसलं का माझ्यावर, ते मले आजही माहीत नाही. पण मी म्हणाली, आणि तुम्हाले पूर्ण पाहिजे आहे म्हणून पूर्ण लिहिते, “काका, आता डोळे तपासून घ्या. वय झालं तुमचं.” एकतीस वर्षं ज्यानं डोळ्यांची भाकर खाल्ली त्या माणसाले, दोनशे लोकांसमोर. तुम्ही रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि बाहेर पडले. तिसऱ्या दिवशी दोन पिशव्या घेऊन बडनेऱ्याले गेले. घराची चावी माझ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होती. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही.

आता माझीही बाजू ऐका. उत्तर वर ठेवाले मले कोणी शिकवलं? तुम्ही. शंभर वेळा. एकदा तर फुटपट्टी मारली हातावर. मी प्रत्येक फोटो फिरवून उत्तर वर केला, तुमच्या धाकानं. त्या दिवशी मी चुकली नव्हती काका, मी आज्ञेत होती.

हे मी अकरा महिने स्वतःले सांगून राहिली. आता जे सांगितलं नाही ते लिहिते.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलवर गेली. कोणी नव्हतं. दारातूनच फोटो दिसला आणि मले टेकडी दिसली. त्या बंद पडलेल्या दगडखाणीत मी स्वतः उतरली होती, तळापर्यंत, चपलेत तिची भुकटी घेऊन घरी आली होती. उरल्याच्या पलीकडचा केवढा तरी खोल खड्डा, आणि भिंतीवर तो फुगून वर आला होता. मी डोळे मिटून परत पाहिलं. टेकडीच.

मग आठवलं. स्टिरिओस्कोपच्या पहिल्या दिवशी तुम्ही एकदाच, एकदाच म्हणाले होते: नकाशाले उत्तर वर, फोटोले सावली आपल्याकडे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य दक्षिणेले. सावली उत्तरेकडे पडते. उत्तर वर ठेवली की सावली आपल्यापासून लांब जाते, उजेड फोटोच्या खालून येते, पण डोळ्याले वाटते वरून येऊन राहिला, जसा दिव्याचा येते. मग तो खड्ड्याले डोंगर समजते. तुम्ही बरोबर होते. हे मले दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, तेव्हा तुम्ही अजून याच घरात होते, खाली पिशव्या भरून राहिले होते. मी वरून उतरली नाही.

आणि पुढचं. दिल्लीच्या एका समीक्षकांनी लिहिलं, माणसानं रचलेली टेकडी, काय धैर्यानं पाहिली आहे. मी कळवणार होती की ती खाण आहे. दोन दिवस गेले, आठ गेले. मग रेडिओवर विचारलं, ही टेकडी कशी सुचली? मी म्हटलं, गावाच्या छातीवर उभी केलेली टेकडी आहे ही. असं छान वाक्य बोलली मी. मले कौतुक आवडते काका, त्याले मी काय करू.

कलाभवनानंही ती टेकडी म्हणूनच घेतली आहे. आता कळलं, मागच्या पत्रात मी ‘म्हणोत बापडे’ काहून लिहिलं ते.

माफी मागाले मले शब्द सुचून नाही राहिले. सुचले की लिहीन.

यामिनी


तात्यापारा
१५ डिसेंबर

काका,

तुमचं उत्तर आलं नाही, तरी लिहून राहिली. हे सांगाले दुसरं कोणी नाही.

तुम्ही गेल्यावर घरकामाले मी सुकवारो म्हणून एक बाई लावली. पुरानी बस्तीतून येते. उरल्याकडून वारा आला की आपल्या घरात कसं काळं बसते ते तुम्हाले माहीत आहे, तर दहा महिने ती रोज त्या फोटोवरून कोरडं फडकं फिरवून राहिली. हे काय आहे असं तिनं एकदाही विचारलं नाही.

परवा फोटो बांधाले दोन माणसं आली. त्यांनी तो जागेवरच फिरवला, खालची बाजू वर झाली, तसाच भिंतीले टेकवला आणि दोरी आणाले गेली. सुकवारो पोछा मारत होती. उठून उभी राहिली. ओला हात पदराले पुसला आणि म्हणाली, “ए तो हमर खदान आय, दीदी.”

मी म्हटलं, कोणती खदान?

ती खदान बंद पडेपर्यंत नऊ वर्षं तिनं तिथं गिट्टी फोडली आहे. मले माहीतच नव्हतं. कामावर ठेवताना मी तिले फक्त विचारलं होतं, सुट्ट्या किती घेशील. तिनं फोटोले बोट न लावता एकेक दाखवलं. हा उतार, इथून गाड्या खाली येत. ही तिसरी पायरी, इथं अकरापर्यंत सावली राहायची, म्हणून बायका इथं बसून बासी, रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, खात. आणि काठावरचा हा हिरवा ठिपका, तुम्ही पाहिला असता तर बाभूळ म्हणून वाचला असता. त्या झाडाले झोळी बांधून ती पोरीले निजवायची. पोरगी आता बारावीत आहे.

मी विचारलं, दहा महिने रोज पुसते तू, ओळखलं काहून नाही? ती म्हणाली, “ओ तो डोंगरी रिहिस.” ती तर डोंगरी होती. डोंगरीवर ती कधी गेलीच नव्हती, ओळखणार काय.

मले लाज वाटली काका. समीक्षक फसले त्याची नव्हती वाटली एवढी. ज्या बाईनं तिथं नऊ वर्षं हात फोडून घेतले, तिच्याच समोर तिची जागा मी उलटी करून ठेवली होती आणि वरून तिलेच पुसाले लावत होती.

आता खरी अडचण. कलाभवनाचा कागद आला आहे. फोटोच्या मागच्या बाजूले बाण काढायचा, वर कोणतं ते दाखवाले, आणि त्याच्याखाली सही करायची. दहा जानेवारीच्या आत. एकदा सही झाली की तो तसाच टांगला जाणार, मी मेल्यावरही.

मी यशदीपले फोन करून सगळं सांगितलं. रेडिओवरचं वाक्यसुद्धा. ते म्हणाले, “यामिनीजी, समितीने टेकडी पाहून होकार दिलाय. फिरवलंत तर ते वेगळं चित्र झालं. मला पुन्हा समितीसमोर ठेवावं लागेल, आणि या वेळी ते हो म्हणतीलच असं नाही.” आणि वर म्हणाले, “तसं पाहिलं तर कळणार कुणाला आहे?”

माणूस वाईट नाही, माझ्याच भल्याचं बोलून राहिला होता. मी म्हटलं, दोघांले कळलं आहे. एक बडनेऱ्याले असते आणि एक माझ्या घरी पोछा मारते. ठेवा समितीसमोर.

फोन ठेवला आणि दिवाणावर बसली. इतकी वर्षं लोकांच्या वराती काढल्यावर एक फोटो कोणत्या तरी भिंतीवर कायमचा राहणार होता काका. तो आता परत येईल बहुतेक, याच बैठकीत. दोन रात्री धड झोप नाही.

तरी तुमचे आभार मानते, आणि हे आभार मागच्या पत्रातल्यासारखे गोड नाहीत. मले पुष्कळ लोकांनी छान म्हटलं. उलटी टांगली असं तोंडावर सांगणारं माणूस या गावात मले एकच भेटलं होतं आणि त्याले मीच घालवलं.

यामिनी


तात्यापारा
९ जानेवारी २०२५

काका,

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर क्षमाताईचं आहे. म्हणजे माझ्यासाठी पेनसुद्धा हातात घ्यायचं नाही असा राग आहे, तर असो. बोल तुमचेच आहेत, ते मी झोपेतही ओळखीन.

आधी काय झालं ते सांगते. दोन तारखेले समितीचे चौघं कलाभवनात आले. यशदीपनं फोटो फिरवून भिंतीवर लावला होता, सावली आपल्याकडे. चौघांनी पाहिलं. एक बाई होत्या, वयानं मोठ्या, केस पांढरे, त्या म्हणाल्या, आता हा नुसता खड्डा आहे. दुसरे म्हणाले, असे खड्डे पुष्कळ आहेत. मी माझी चूक सांगितली, लपवलं काही नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि परत पाठवायचं ठरवलं. यशदीपनं मले जिन्यापर्यंत सोडलं आणि म्हणाले, दहा तारखेपर्यंत तसं पत्र निघेल.

सहा तारखेले तुमचं कार्ड आलं. मी ते पोस्टमनसमोरच उभ्यानं वाचलं.

“भिंतीवर कायले टांगता? आमच्या हापिसात फोटो कोणी टांगत नव्हतं, टेबलावर ठेवून चारी बाजूंनी उभे राहत होतो. वरून काढला आहे ना? मग खाली ठेव. जमिनीवर. लोकांले भोवती फिरू दे. ज्याले टेकडी दिसते त्याले दिसू दे, मग पलीकडे जाऊन पाहू दे.”

एवढंच. खाली आशीर्वाद नाही, नाव नाही. मी यशदीपले फोन लावला आणि म्हटलं, एक तास द्या, त्या चौघांले एकदा परत बोलवा, नंतर तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. त्यांनी बोलावलं कसं कोण जाणे, पण काल दुपारी चौघंही आले. मी सुकवारोले सोबत नेलं होतं. दालनाच्या मधोमध वीतभर उंचीचा ओटा केला आणि त्याच्यावर फोटो निजवला.

पांढऱ्या केसांच्या बाई दक्षिणेच्या बाजूले उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ही बघा टेकडी, हेच आम्ही घेतलं होतं. पलीकडे जे उभे होते ते म्हणाले, कुठं टेकडी, मला तर खाण दिसते. बाई म्हणाल्या, काहीतरीच. ते म्हणाले, इकडे येऊन बघा. बाई निघाल्या, ते तिकडून निघाले, आणि फिरता फिरता मध्येच दोघं थांबले. तिथं टेकडी खाली बसते, काका. चालता चालता पायाखालून जमीन जावी तशी. मी गेल्या तीन दिवसांत बैठकीत लहान प्रत जमिनीवर ठेवून पन्नास वेळा करून पाहिलं, तरी काल मीही तिथं थबकली.

मग बाईंनी तीन फेऱ्या घातल्या. सुकवारोले विचारलं, तुम्ही कोण? सुकवारोनं त्यांले तिसरी पायरी दाखवली.

त्यांनी ठेवून घेतला. बाण काढलाच नाही. वरची बाजू कोणती या रकान्यात यशदीपनं लिहिलं, लागू नाही.

दिल्लीच्या समीक्षकांलेही मी खरं कळवलं. त्यांचं उत्तर नाही, येईल असं वाटत नाही.

काका, मी सात वर्षं वरून पाहून राहिली आणि भिंतीवर टांगून राहिली. माझ्या डोक्यात कधी आलं नाही की खाली ठेवावं. तुम्ही कधी कोणत्या प्रदर्शनात काही मांडलं नाही, तुम्हाले ते एका कार्डात सुचलं. फोटोच्या पाटीवर मी तुमचं नाव लिहून राहिली. मांडणी: श्यामराव. नाही म्हणायचं असेल तर स्वतः येऊन म्हणा. बावीस फेब्रुवारीले दालन उघडते.

या. मले तुमच्यासमोर, लोकांच्या देखत, एक वाक्य परत घ्यायचं आहे.

यामिनी


तात्यापारा
२३ फेब्रुवारी, दुपार

काका,

तुम्ही खाली दिवाणावर झोपले आहात. घोरणं वर ऐकू येते. तरी पत्रच लिहून राहिली, कारण काल तुम्ही बोलले त्याच्यावर मले तोंडानं काही बोलता आलं नाही आणि आज सकाळीही नाही.

परवा स्टेशनवर गाडीतून उतरताना तुम्ही पायानं फलाट चाचपला. मी म्हटलं, वय झालं, आणि लगेच जीभ चावली. तुम्ही रिक्षात बसताना माझा खांदा धरला. मले वाटलं, माया.

काल माइकवर मी जे बोलली ते बोलली. सव्वा वर्षापूर्वी याच फोटोसमोर मी श्यामराव काकांले डोळे तपासाले सांगितलं होतं. त्या दिवशी सगळ्या हॉलमध्ये फक्त त्यांलेच नीट दिसत होतं. हे मी दहा दिवस पाठ केलं होतं, तरी आवाज फाटला. लोक तुमच्याकडे पाहाले लागले आणि तुम्ही रुमाल काढून चष्मा पुसत बसले.

सगळे चहाले गेल्यावर तुम्ही म्हणाले, चल, फिरव मले भोवती. खांद्यावर हात ठेवला. दक्षिणेच्या बाजूले थांबून म्हणाले, “इथून काय दिसते सांग.” मी म्हटलं, टेकडी, तुम्हीच पाहा ना. “तू सांग.” कोपऱ्यावर आलो. “आता?” मी म्हटलं, आता बसून राहिली खाली. “आणि आता?” मी म्हटलं, खाण. मग मी थांबली आणि तुमच्याकडे पाहिलं.

तुम्ही म्हणाले, “मले एका वेळी ताटाएवढंच दिसते, पोट्टे. उजव्यानं. डाव्यानं काही नाही.”

काका, मी लिहून ठेवते तुम्ही जे सांगितलं ते, म्हणजे मले कधी विसरता येणार नाही. त्या दिवशी तुम्ही हॉलमधून निघाले ते रागानं निघाले. बडनेऱ्याले गेले ते डॉक्टरकडून सर्टिफिकेट आणाले. डोळे एकदम ठणठणीत आहेत असं लिहून घेणार होते आणि परत येऊन ते माझ्या तोंडावर मारणार होते. “एकतीस वर्षं, दोन्ही डोळे सारखे. माझे डोळे तपासणारा अजून जन्मले यायचा आहे असं समजत होतो मी.” अमरावतीच्या डॉक्टरनं तपासले आणि क्षमाताईले आत बोलावलं. काचबिंदू. डावा गेल्यातच जमा होता, उजवा निम्मा. दुखत नाही, कळत नाही, कडेकडेनं खात येते. तो म्हणाला, सहा महिन्यांनी आले असते तर दोन्ही गेले असते. यांले कोणी पाठवलं?

मी विचारलं, मग त्या दिवशी उलटी आहे हे कसं कळलं तुम्हाले? तुम्ही म्हणाले, “सावली त दिसत होती. तेवढं दिसत होतं.”

मग म्हणाले, “सर्टिफिकेट मिळालं नाही, तर कोणत्या तोंडानं फोन घेऊ? तू बोलली ते खरं निघालं ना. एक वर्ष मले तुझा राग नव्हता, माझी लाज होती. अन् तू इकडे माफीची पत्रं लिहून राहिली. क्षमा वाचायची आणि मी भिंतीकडे तोंड करून ऐकायचो.” आणि मग त्या ओट्यापाशी उभं राहून तुम्ही मले हात जोडले. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस. म्हणाले, “मी तुझे आभार मानाले आलो, यामिनी. तू तसं बोलली म्हणून माझा हा एक राहिला.”

मी तुमचे हात धरून खाली केले, एवढंच केलं. घरी येईपर्यंत रिक्षात तुम्ही रायपूरच्या रस्त्यांले नावं ठेवून राहिले आणि मी बाहेर पाहून राहिली.

तर आता लिहिते. मी ते चांगल्या मनानं बोलली नव्हती. तुम्हाले लागावं म्हणून बोलली होती आणि ते तुम्हाले कामाले आलं, त्याच्यात माझं काही पुण्य नाही. तरी तुम्ही आभार मानले ते मी ठेवून घेते, परत करत नाही. माझे तुम्ही ठेवून घ्या. हिशोब आपल्याले दोघांलेही येत नाही.

क्षमाताईशी सकाळी बोलली. तुम्ही आता इथंच राहता, वर्षातून दोन वेळा ती येईल आणि अमरावतीच्या डॉक्टरकडे नेईल, असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे. तुम्हाले विचारलं नाही. सुकवारो सकाळी असते, दुपारी मी. परगावी उडवाले गेली तर तिची पोरगी येऊन बसेल. तिले फोटो वाचाले शिकवा, पण सावलीचं शंभर वेळा सांगा आणि उत्तरेचं एकदाच.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. संध्याकाळी खाली बसून मीच वाचून दाखवीन.

तीन वाजून पन्नास मिनिटं झाली. चारले तुम्हाले उठवायचं आहे, डोळ्यात थेंब टाकायचे आहेत. मी हात धुवून येते.

यामिनी